बाबांची तारीख

मला त्या जिल्ह्याचा अजूनही राग येतो. माणसांचा नाही, माणसं चांगलीच होती. हिवाळ्यात शेजारचे आजोबा स्वतःच्या दारापुढचा बर्फ काढताना आमच्याही दारापुढचा काढून जायचे. राग जिल्ह्याचा आहे. जर्मनीत त्याला लांडक्राइस म्हणतात. येना शहर सोडून बाहेर पडलं की टेकड्या सुरू होतात, मग काळपट सूचिपर्णी जंगल, आणि मधेमधे दरीत बसलेली करड्या छपरांची गावं. बस दिवसातून मोजक्या. नोव्हेंबरात धुकं एकदा उतरलं की उठायचं नाव घेत नसे. मी येनात भिंगं तपासायच्या एका लॅबमध्ये नोकरीला होतो आणि शहरात मनासारखं घर मिळेना म्हणून या जिल्ह्यातल्या एका खेड्यात येऊन राहिलो होतो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं.

जिल्ह्याची स्वतःचीही एक रड होती. आम्ही तिथे जाण्याआधी दोन जुने जिल्हे जोडून हा एक केलेला. मग मुख्य ठिकाण कुठलं यावरून जुंपली. शेवटी एका गावाला लांडराट्सआम्ट मिळालं, म्हणजे आपलं कलेक्टर ऑफिस, आणि रुसलेल्या दुसऱ्या गावाची समजूत कोर्ट देऊन काढली. दोन्हींच्या मधे घनदाट जंगल आणि एक वळणावळणाचा रस्ता. व्हिसाचा शिक्का इकडे, कोर्टाचा तिकडे. आमच्या गल्लीतले लोक गाडीच्या नंबरप्लेटवरची जुन्या जिल्ह्याची अक्षरं गेली म्हणून अजून हळहळायचे. मला त्याचं हसू यायचं. बाबांना आलं नाही. ते म्हणाले, "आपल्याकडं कोर्ट गावाबाहेर हलवलं तेव्हा निम्मा बाजार उठला होता. हसण्यासारखं नाही ते."

बाबा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. उभी हयात त्यांनी पुकारा केला. पुकारा म्हणजे कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा मोठ्याने ओरडायचं आणि शेवटी 'हाजिर हैऽऽ' असा हेल काढायचा. त्यांचा आवाज एस. टी. स्टँडवर चहा पीत बसलेल्या माणसालाही ऐकू जायचा आणि तो कप टाकून पळत सुटायचा. आमच्या वस्तीतून सरकारी नोकरीत लागलेले ते पहिले. आमच्या घरात देव्हारा नव्हता. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली खिळ्याला बाबांच्या पट्ट्याचा पितळी बिल्ला. दर रविवारी तो चिंचेने घासला जायचा. कोर्टाबद्दल ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत: "मी नाव घेतलं की पाटील पण उठून उभा राहायचा. माझ्या तोंडून."

कोर्टात कसं वागायचं याचे त्यांचे नियम पक्के होते. साहेबांपुढे पक्षकाराने तोंड उघडायचं नाही. हात जोडायचे, काही विचारलं तर 'हो साहेब' म्हणायचं. मागायचं असेल ते वकील मागेल. आणि पहिल्या तारखेला कधीच काही होत नसतं, पहिली तारीख म्हणजे तोंडओळख. लहानपणी मी घरात काही हट्ट केला तर तेही असंच चालायचं. मी आईकडे अर्ज करायचा, आईने बाबांकडे, आणि बाबा पुढची तारीख द्यायचे. आम्हा भावंडांना त्याची गंमत वाटायची.

आई गेल्यावर एका उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले. थंडी पडायच्या आत परत जायचं ठरलेलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "अरे, कोर्ट कुठंय इथलं?"

दुसऱ्या कुणाचे वडील किल्ले बघायला जातात. मी रजा टाकून बाबांना आम्ट्सगेरिश्ट, म्हणजे तिथलं कोर्ट, दाखवायला नेलं. पिवळ्या रंगाची दुमजली इमारत, खिडक्यांत जिरेनियमची फुलं. बाबा रस्त्याच्या पलीकडे मागे हात बांधून बराच वेळ उभे राहिले. झाडाखाली टायपिस्ट नाही, स्टॅम्पवाला नाही, चहाची टपरी नाही, चपला हातात घेऊन पायरीवर बसलेली म्हातारी नाही. एक बाई कुत्र्याला घेऊन गेली तेवढीच.

"सुट्टी आहे का आज?"

"नाही बाबा, चालू आहे."

"मग माणसं कुठायत? पुकारा कोण करतं?"

मी सांगितलं, इथे दाराशी कागद लावलेला असतो, ज्याची वेळ त्याने यायचं. बाबांनी मान हलवली. घरी येताना गाडीत म्हणाले, "कागदाला काय आवाज असतो?" मग त्यांनी माझ्या मुलीला पुकारा शिकवला. ती आठेक वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. जेवायला बसायच्या वेळी जिन्यात उभी राहून ती आजोबांचं पूर्ण नाव तीनदा ओरडायची आणि ते वरच्या खोलीतून 'हाजिर, साहेब' म्हणत खाली यायचे. बायको म्हणायची, "अहो, शेजारचे पोलीस बोलावतील." तो उन्हाळा फार चांगला गेला.

परतीचं तिकीट जवळ आलं होतं तेव्हा एका सकाळी बाबा न्हाणीघरात पडले. मेंदूत रक्ताची गाठ. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. बोलणं जड झालं पण गेलं नाही, आणि डोकं तर लख्ख होतं. जिल्ह्याच्या दवाखान्याने त्यांना वाचवलं, हे मला सांगितलंच पाहिजे. तिथून त्यांना फ्लेगेहाइममध्ये हलवलं. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं ते घर कोर्टाच्याच गावात होतं. बाबांच्या खोलीतून जंगल दिसायचं, म्हणजे धुकं असेल तर धुकं दिसायचं.

तिथल्या कॉरिडॉरमध्ये एक जर्मन म्हातारी रोज कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन बसलेली असायची. मी गेलो की बाही धरायची आणि म्हणायची, मला घरी जायचंय. नर्स हसून म्हणायची, "हो हो, जेवण झाल्यावर जाऊ." जेवण झालं की म्हातारी विसरायची. दुसऱ्या एका खोलीतले गृहस्थ तेच ओरडून म्हणायचे. मी सुरुवातीला थांबायचो, नंतर नुसती मान हलवून पुढे जायला शिकलो.

बाबांनी मात्र ते एकदाच, शांतपणे सांगितलं. डाव्या हाताने माझं मनगट धरून म्हणाले, "मला घरी ने. आता मी काही बरा होत नाही. इथं कोणाशी बोलू? भांडायला सुद्धा कोणी नाही. मला आपल्या माणसांत मरायचंय."

मी तयारीला लागलो. विमान कंपनी तीन सीटा पाडून स्ट्रेचर लावायला तयार होती, सोबत नर्सही मिळत होती. फक्त डॉक्टरचा दाखला हवा होता. डॉक्टर तरुण आणि सरळ माणूस. तो म्हणाला, "प्रवासात दुसरा झटका येऊ शकतो. त्यांना हे कळत असेल आणि तरी जायचं असेल, तर तो त्यांचा हक्क आहे, मी सही करीन. पण ते त्यांनी म्हटलं पाहिजे. तुम्ही म्हणून उपयोग नाही."

"मी त्यांचा मुलगा आहे."

"गेनाऊ, बरोबर," तो म्हणाला. "म्हणूनच."

तेव्हा मला कळलं की तिथल्या कायद्यापुढे मुलगा म्हणजे कोणी नाही. बाप स्वतः बोलेल, नाहीतर कोर्ट ठरवेल. आणि बाबांना नीट समजतंय की नाही अशी डॉक्टरला शंका होती, कारण त्याने काहीही विचारलं की बाबा हात जोडायचा प्रयत्न करून 'येस सर' म्हणायचे. म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. बाबांनी एका न्यायाधीशासमोर एक वाक्य बोलायचं होतं: धोका कळला, तरी मला घरी जायचंय. एवढं बोलले असते तर आठवड्याभरात विमानात असते.

मी त्यांना सांगितलं की न्यायाधीश स्वतः इथे येणार आहेत. बाबांचा विश्वास बसेना. "साहेब पक्षकाराकडं येणार?" त्यांनी नर्सकडून दाढी करून घेतली. पांढरा सदरा मागितला. मला बिल्ला आणायला सांगितला. तो इथे नव्हता, गावच्या घरी खिळ्याला होता.

न्यायाधीश बाई होत्या, माझ्याहून लहान, पाठीवर सॅक, ओले बूट दाराशी काळजीपूर्वक पुसून आत आल्या. सोबत हिंदीची दुभाषी. मराठीचं त्या भागात कोणी मिळालं नव्हतं. बाबांना हिंदी उत्तम यायची. मला कोपऱ्यातली खुर्ची दाखवून बाई म्हणाल्या, कृपा करून मधे बोलू नका, मला त्यांचं ऐकायचंय. मग खुर्ची ओढून बाबांच्या इतक्या जवळ बसल्या की बाबा अंग चोरायला लागले.

त्यांनी सगळं नीट विचारलं. नाव, गाव, वर्ष, बाहेर कुठला ऋतू आहे. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं. मग त्या म्हणाल्या, तुमच्या मनात काय आहे?

"जैसा साहब ठीक समझें," बाबा म्हणाले.

"नाही, मला तुमची इच्छा हवी आहे."

"साहब की मर्ज़ी."

बाई धीराच्या होत्या. त्यांनी वेगळ्या तऱ्हेने विचारलं. डॉक्टरांना वाटतं की प्रवास धोक्याचा आहे, तुम्ही इथे राहून उपचार घ्यावेत. तुम्हाला हे मान्य आहे का?

"जी साहब," बाबा म्हणाले, आणि डावा हात कपाळाला लावला.

मी उठलो. म्हणालो, हे त्यांचं उत्तर नाही, ते तुमच्याशी अदबीने बोलतायत, आमच्याकडे न्यायाधीशाच्या तोंडावर नाही म्हणत नाहीत. बाई माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "आल्झो, तर मग बघा, घरचे लोक मला नेहमी सांगतात की म्हाताऱ्या माणसाला खरं तर वेगळंच म्हणायचंय. ते टाळण्यासाठीच मी इथवर येते. तुमचे वडील शुद्धीवर आहेत आणि ते स्वतः बोलले आहेत." त्यांनी बाबांचा हात हातात घेऊन निरोप घेतला आणि गेल्या.

मी चिडलो होतो. बाबा खुशीत होते. म्हणाले, "साहेब चांगल्या आहेत. पण आपला वकील का आला नाही रे?"

"वकील नव्हता बाबा. तुम्हीच बोलायचं होतं."

"असं कसं? आज नुसती ओळख झाली. आपलं म्हणणं मांडायचं राहिलंच की." आणि मग, अगदी सहज, "पुढची तारीख कोणती दिली?"

मी त्यांच्यावर ओरडलो. अर्धं अंग गेलेल्या माणसावर मी ओरडलो की इथे पुढची तारीख नसते, संपलं सगळं, एक वाक्य बोलता आलं नाही तुम्हाला. बाबांनी मला बोलू दिलं. शेवटी म्हणाले, "तू शिकलेला आहेस, पण कोर्टातलं तुला कळत नाही. पहिल्या तारखेला निकाल लागल्याचं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही." त्यांनी डोळे मिटून घेतले. कॉरिडॉरमधली म्हातारी दारात येऊन आमच्याकडे पाहत होती.

मी पुन्हा अर्ज केला. वकील धरला. जंगलातल्या त्या वळणावळणाच्या रस्त्यावरून इकडून तिकडे इतक्या खेपा घातल्या की कुठल्या वळणावर हरणं आडवी येतात ते मला पाठ झालं. लांडराट्सआम्टने बाबांचा व्हिसा मुकाट्याने वाढवून दिला. त्यांना ठेवून घ्यायला सगळेच तयार होते. कोर्टातून उत्तर आलं की न्यायाधीश बाई नवीन वर्षात पुन्हा येतील. मी धावत बाबांना सांगायला गेलो. ते हसले. "लागली ना तारीख? आणि तू माझ्यावर ओरडत होतास."

या वेळी मी त्यांना रोज शिकवलं. वकील असला तरी तो बोलणार नाही. विचारलं की तुम्हीच बोलायचं. नाही म्हटलेलं साहेबांना इथे चालतं, उलट आवडतं. बाबा ऐकून घ्यायचे. "म्हणजे पक्षकारच वकील?" असं एकदा विचारलं आणि त्यावर बराच वेळ विचार करत बसले. पण ख्रिसमसच्या सुमाराला दुसरा लहान झटका आला. शब्द आणखी घसरले. एखादा शब्द हवा तर डोळे मिटून आत शोधावा लागायचा. डॉक्टर म्हणाला, अजूनही मी सही करायला तयार आहे, पण घाई करा.

तारखेच्या दिवशी बाहेर बर्फ होता. तीच न्यायाधीश बाई, तीच दुभाषी, शिवाय आमचा वकील. बाबांना उशांच्या आधाराने बसवलं होतं, पांढरा सदरा, वरपर्यंत बटणं लावलेली. बाई खुर्चीत बसल्या मात्र, बाबांनी डोळे मिटले, डावा हात तोंडाशी नेला आणि पुकारा केला. स्वतःच्या नावाचा. तीनदा. आवाज फाटलेला, अर्धं तोंड वाकडं, पण हेल तोच. कॉरिडॉरमधली ट्रॉली थांबली. मग हात खाली घेऊन ते हळूच म्हणाले, "हाजिर, साहेब."

दुभाषी गोंधळली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ते म्हणतायत की ते आले आहेत."

बाई हसल्या, मान तुकवली. मग नेहमीचे प्रश्न सुरू केले. नाव झालं. वर्ष झालं. मग त्यांनी विचारलं, आपण आत्ता कुठे आहोत?

बाबांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "कोर्ट में."

बाईंनी पुन्हा विचारलं, सावकाश. ही इमारत कसली आहे? तुम्ही कुठे झोपता, कुठे जेवता, त्या जागेला काय म्हणतात?

साहेब आपली परीक्षा घेतायत हे बाबांच्या ध्यानात आलं असावं. ते ताठ बसले. "कोर्ट, साहब. साहब बैठे तो कोर्ट."

दुभाषीने भाषांतर केलं. बाईंचं पेन हललं. मी कोपऱ्यातून सांगितलं, वकिलाने सांगितलं, की हा माणूस जन्मभर कोर्टात नोकरीला होता, न्यायाधीश बसेल तिथे कोर्ट भरतं असं त्यांचं म्हणणं आहे, यात भ्रम नाही, उलट हीच त्यांची शुद्ध आहे. बाई म्हणाल्या, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मला ते त्यांच्याकडून यायला हवं." त्या बाबांकडे वळल्या आणि बोलू लागल्या, तेवढ्यात बाबांनी हात वर केला. न्यायाधीशाला त्यांनी हाताने थांबवलं. जन्मात पहिल्यांदा. डोळे मिटले, आत शोधलं, एकेक शब्द बाहेर काढला. हिंदी सापडली नाही, मराठी सापडली.

"मला घरी जायचंय."

दुभाषीला मराठी कळेना. भाषांतर मी केलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. बाबांच्या निर्जीव उजव्या हातावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, अगदी हळू, अगदी मायेने, "हो. इथे सगळेच तसं म्हणतात."

त्या गेल्यावर बाबा घामाने भिजले होते. "काय म्हणाले साहेब?" त्यांनी विचारलं.

"ऐकून घेतलं म्हणाल्या."

"निकाल?"

"राखून ठेवलाय."

बाबांनी समाधानाने मान हलवली. राखून ठेवलेला निकाल बहुतेक आपल्या बाजूने लागतो, असं ते शब्दांच्या जागी बोटं हलवत मला समजावू लागले. नर्स सूप घेऊन आली. मी त्यांना भरवलं.

बर्फ वितळायच्या आत बाबा गेले. सकाळची वेळ होती, मी येनात लॅबमध्ये होतो, जवळ कोणी नव्हतं. त्रिशरण-पंचशील आम्ही तिघांनीच म्हटलं. घरी परतल्यावर मुलगी जिन्यात जाऊन उभी राहिली, ओरडली मात्र नाही.

त्यांच्या अस्थी मी गावी नेल्या. लांडराट्सआम्टच्या खिडकीतल्या बाईने कागद बघितले, शिक्का मारला, 'प्रवास सुखाचा होवो' म्हणाली. विमानात तो डबा माझ्या मांडीवर होता. त्या प्रवासाला डॉक्टरचा दाखला कोणीही मागितला नाही.